ऑइल फिल्टर बदलल्यावर गाडी खडखडते किंवा ऑइल गळतं: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

गाडी सर्व्हिसिंग होऊन आली. ऑइल नवं, फिल्टर नवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केली तर वरून टॅपेटचा, म्हणजे झडपा हलवणाऱ्या जोडणीचा, खडखडाट, नाहीतर फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. कराड भागात दुचाकीचं काम करताना हा एकच त्रास मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की गाडी दारात येते तेव्हा मी आधी गिऱ्हाइकाला विचारतो, "फिल्टर कधी बदललाय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "परवाच."

अशा गाड्यांत इंजिन खरोखर बिघडलेलं क्वचितच असतं. फिल्टर चुकीचा असतो, नाहीतर बरोबर असून चुकीचा बसवलेला असतो. पण त्याकडे दुर्लक्ष करून गाडी तशीच पळवली, तर शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूपायी हेड (इंजिनाचा वरचा भाग), कॅम (त्यातल्या झडपा उघडणारा दांडा) आणि पिस्टन-ब्लॉकचं काम निघतं. तसं झालेलं मी पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय, कारण पहिल्याच दिवशी दहा मिनिटं तपासलं असतं तर ते टळलं असतं.

लक्षणं

गार इंजिन चालू केल्यावर वरच्या बाजूनं, म्हणजे हेडमधून, टकटक किंवा खडखड येते आणि लवकर थांबत नाही. फिल्टर बदलल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद आवाज येणं स्वाभाविक आहे, कारण फिल्टरचं घर रिकामं असतं आणि ते भरल्यावरच ऑइल पुढे जातं. पण रोज सकाळी तोच आवाज येत असेल, किंवा दहा-पंधरा सेकंद टिकत असेल, तर ते लक्षण धरा.

फिल्टरच्या झाकणाखाली ओल दिसते. गाडी साइड स्टँडवर उभी असली की ऑइल वाहत जाऊन भलत्याच बोल्टवरून टिपकतं, त्यामुळे डाग पडला ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असं धरून चालू नका.

काही गाड्यांना ऑइल प्रेशरचा लाल दिवा असतो. तो चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. उशिरा विझतो, चढावर मधेच लुकलुकतो किंवा विझतच नाही, ही तिन्ही लक्षणं गंभीर आहेत. आपल्याकडच्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना मात्र हा दिवाच नाही. तिथे कानावर आणि ऑइलच्या पातळीवरच भरवसा ठेवावा लागतो.

लोक फिल्टरच्या माथी मारतात पण ज्यांचा फिल्टरशी संबंध नसतो अशाही काही गोष्टी आहेत. ऑइल बदलल्यावर क्लच सटकायला लागला, म्हणजे रेस वाढते पण गाडी ओढत नाही, तर ऑइलचा डबा बघा. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जॅसो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं असावं लागतं. एमबी लिहिलेलं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं. ऑइल हजार किलोमीटरमध्ये काळं पडलं याचा अर्थही फिल्टर खराब असा होत नाही. काजळी इतकी बारीक असते की ती कागदातून निघून जाते आणि रंग बदलतोच. ऑइल चहासारखं दुधी दिसत असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. ते काम वेगळं आहे, गाडी चालवू नका.

पहिली तपासणी: पातळी

याला पैसा लागत नाही. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या. मधला स्टँड नसेल तर कोणाला तरी ती सरळ धरायला सांगा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बघा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. काचेची खिडकी असेल तर वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ऑइल हवं. ऑइलची कांडी असेल तर मॅन्युअल बघा, कारण बऱ्याच गाड्यांत कांडी पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवून आत घालायची नसते. आटे लावून मोजलं तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि माणूस निर्धास्त होऊन कमी ऑइलवर गाडी चालवत राहतो.

पातळी आधी बघायची कारण मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन-तीन आकडे दिलेले असतात: नुसतं ऑइल बदललं तर एक, फिल्टरही बदलला तर थोडा जास्त, इंजिन पूर्ण उघडलं असेल तर त्याहून जास्त. घाईत पहिला आकडा धरून ऑइल ओतलं की नवा फिल्टर त्यातलं थोडं पिऊन घेतो आणि पातळी खालच्या खुणेखाली जाते. याच्या उलटही होतं. "डबा फोडलाय तर उरवायचा कशाला" म्हणून सगळा ओततात. मग जादाचं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरच्या खोक्यात जातं, तिथून खाली टिपकतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं फिल्टर गळतोय. पातळी नीट केली की यातल्या पुष्कळ गाड्या तिथेच बऱ्या होतात.

दुसरी: तुमच्या गाडीला फिल्टर आहे तरी का, आणि कुठला?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण एका गुरुजींच्या १०० सीसी गाडीच्या बिलावर मी "ऑइल फिल्टर" अशी ओळ पाहिली आहे आणि त्या इंजिनात कागदी फिल्टर नव्हताच. दुसऱ्या कुणीतरी केलेलं ते काम होतं. गुरुजींनी तीन वर्षं त्या ओळीचे पैसे भरले होते.

हिरोच्या स्प्लेंडरमधलं ९७.२ सीसीचं इंजिन घ्या. त्यात बदलायचा कागदी फिल्टर नसतो. ऑइल पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी असते आणि क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) टोकावर क्लच कव्हरच्या आत एक फिरणारी डबी असते. क्रँकबरोबर ती गरगर फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन डबीच्या भिंतीला चिखलासारखे चिकटतात आणि स्वच्छ ऑइल मधून पुढे जातं. हा सेंट्रिफ्यूगल फिल्टर. तो बदलायचा नसतो, कव्हर उघडून खरवडून पुसायचा असतो. क्रँकला बॉल बेअरिंग असलेल्या अशा इंजिनाला एवढी गाळणी पुरते. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला तर नुसती जाळीच असते.

कागदी फिल्टरची गाडी वेगळी. यामाहा एफझी, बजाजची एनएस २००, केटीएम ड्यूक, एनफिल्डचं २००९ नंतरचं यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेलं), या सगळ्यांत इंजिनाच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्यामागे घडीच्या कागदाचा नळकांडीसारखा फिल्टर. त्याशिवाय जाळी असतेच. तिसरा प्रकार चारचाकींना असतो तसा पत्र्याच्या डब्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा. एनफिल्डच्या ६५० सीसी ट्विनला तो आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा, फिल्टर यायचा. तो अजूनही मिळतो आणि बसवायची रीतही त्याची त्याची आहे.

दुकानात फिल्टर मागताना गाडीचं नुसतं नाव सांगणं धोक्याचं आहे. "पल्सरचा फिल्टर द्या" याला काही अर्थ नाही. २००१ पासून हे नाव चालू आहे आणि १२५ पासून ४०० सीसीपर्यंतच्या इंजिनांना लागलेलं आहे. "क्लासिक ३५०" म्हटलं तरी २०२१ च्या आधीची आणि नंतरची यांचं इंजिन सर्वस्वी वेगळं. आरसी बुक बरोबर न्या. त्यावर चेसिस नंबर आणि बनल्याचा महिना-वर्ष असतं. त्यावरून कंपनीच्या काउंटरवर पार्ट नंबर निघतो. तो नंबर एकदा मोबाइलमध्ये लिहून ठेवला की पुढची दहा वर्षं प्रश्न मिटला. दुसऱ्या कंपनीचा फिल्टर घ्यायचा असला तरी त्या कंपनीच्या तक्त्यात तुमचं मॉडेल आणि साल दिसलं पाहिजे. "बसतोय की" हा पुरावा नाही.

तिसरी: जुना आणि नवा शेजारी ठेवा

यासाठी जुना फिल्टर जपून ठेवायला हवा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, सर्व्हिसिंग कुठेही करा, जुना फिल्टर पिशवीत घालून मागून घ्या.

दोन्ही टेबलावर उभे करा. उंची बघा, बाहेरचा घेर बघा आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन्ही टोकांची भोकं बघा. काही फिल्टरना दोन्हीकडे भोक असतं, काहींना एकच बाजू उघडी आणि दुसरी बंद. व्हर्नियर असेल तर उत्तम, नाहीतर शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी चालेल.

उंचीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनाला तो मोठा आहे. फिल्टरच्या टोकाचं रबर आपल्या जागेवर दाबून बसतं तेव्हाच ऑइल कागदातून जायला भाग पडतं. फिल्टर आखूड असेल तर टोकाशी फट राहते, आणि ऑइल म्हणजे पाण्यासारखंच, सोपी वाट धरतं. कागद कोरा राहतो, घाण बेअरिंगकडे जाते. काही आवाज नाही, काही गळत नाही, सगळं ठीक वाटतं. वर्ष-दीड वर्षानं कॅम खराब होतो आणि तेव्हा कुणाला फिल्टर आठवत नाही. फिल्टर लांब असेल तर उलटा प्रकार: झाकण टेकत नाही, बोल्ट ओढून ओढून आवळतात, आणि आत फिल्टर चेपतो किंवा झाकणाला तडा जातो.

हे आपल्या गाडीत इतकं महत्त्वाचं का? चारचाकीत इंजिनाचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत एकच ऑइल पिस्टनला, क्लचला आणि गिअरना जातं. क्लच प्लेटचा भुसा आणि गिअरच्या दातांची झीज त्याच लिटर-सव्वालिटरमध्ये फिरत असते. एवढी घाण अडवायला मध्ये तो एक कागद.

फिल्टर हातात घेऊन हलकेच दाबा. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर असाव्यात, टोकाचा डिंक सगळीकडून सलग असावा, मधली भोकांची नळी कडक असावी. डिंक सुटलेला, घड्या एकीकडे जमा झालेल्या, रबर बोटानं निघून येतंय, असा फिल्टर परत करा. डुप्लिकेट माल इथेच ओळखू येतो. वेष्टनावरची छपाई हुबेहूब जमवतात, डिंक मात्र स्वस्तातला वापरतात.

एक गोष्ट बाहेरून दिसत नाही ती म्हणजे बायपास झडप. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं तर ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण बेअरिंगला कोरडं राहण्यापेक्षा घाणेरडं ऑइल परवडतं. काही इंजिनांत ती झडप केसिंगमध्येच (इंजिनाच्या कवचात) असते, काहींत फिल्टरमध्ये. तुमच्या गाडीची फिल्टरमध्ये असेल आणि तुम्ही झडप नसलेला, दिसायला तसाच फिल्टर घातला, तर तुंबल्यावर ऑइल अडतं किंवा कागद फाटतो. झडपेची स्प्रिंग लुळी असेल तर ती कायम उघडी राहते आणि फिल्टर नुसता शोभेला. पार्ट नंबरचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

डब्यासारख्या फिल्टरला आणखी एक धोका आहे. पुष्कळ मोटारसायकलींना २० मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात, तर पाऊण इंची आटे असलेले फिल्टरही बाजारात सर्रास मिळतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. नजरेला दोन्ही सारखेच. मोठा फिल्टर लहान आट्यांवर ढिला बसतो आणि रस्त्यात सुटू शकतो. लहान फिल्टर मोठ्यावर जबरदस्तीनं फिरवला तर इंजिनाचे आटे जातात. हातानं मोकळेपणी, डगमग न करता फिरत असेल तरच बसवा.

चौथी: गळती नेमकी कुठून?

सगळा भाग रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडा करा. रॉकेल-डिझेल गार इंजिनावरच लावा, गरम सायलेन्सरजवळ बाटली नेऊ नका. कोरडं झाल्यावर झाकणाभोवती, ड्रेन बोल्टभोवती (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) आणि क्लच कव्हरच्या जोडावर टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी जागेवर पाच मिनिटं चालवा, खाली वर्तमानपत्र ठेवा. पावडर जिथे आधी ओली होते ती गळतीची जागा. हे न करता नुसत्या डागावरून निदान करणाऱ्यांनी चांगली पॅकिंगं उचकटलेली मी पाहिली आहेत.

ड्रेन बोल्टखालून ओल असेल तर वायसर बघा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो वायसर एकदा चेपला की पुन्हा नीट चेपत नाही. पाच-दहा रुपयांचा नवा घाला. बोल्ट आणखी आवळून गळती थांबवायला जाऊ नका. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे पोलादी बोल्टचे नव्हे, केसिंगचे जातात.

पाचवी: झाकण उघडायचं

आतापर्यंतचं कोणीही करू शकतं. इथून पुढे हात काळे होणार. टी-पाना, स्वच्छ फडकं, ऑइल धरायला पसरट भांडं आणि नव्या ओ-रिंगा (गळती अडवणाऱ्या रबरी कड्या) तयार ठेवा. इंजिन कोमट असावं, तापलेलं नसावं.

बोल्ट काढताना कुठला कुठून निघाला ते लक्षात ठेवा. पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून त्यात खोचून ठेवले तर उत्तम. एखादा बोल्ट लांब असतो. तो आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण झाकण दाबलं जात नाही.

आता ओ-रिंग. माझ्याकडे आलेल्या गळतीच्या गाड्यांत सर्वांत जास्त वेळा चूक इथे सापडली. झाकणाची मोठी ओ-रिंग सगळ्यांना दिसते. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या तोंडाशी किंवा ऑइलच्या वाटेवर दुसरी, लहान असते, आणि ती जुन्या फिल्टरबरोबर न निघता आतच चिकटून राहते. मग नवी तिच्यावर चढते. दोन रिंगा एकावर एक बसल्या की फिल्टर तिरका राहतो किंवा दाब आल्यावर रिंग सरकून ऑइल सुटतं. याच्या उलट, ती लहान रिंग जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात गेली आणि नवी घातलीच नाही, तर बाहेर गळत नाही, आतल्या आत दाब गळतो, आणि सकाळी हेडला ऑइल उशिरा पोचतं. खडखडाटाची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी गाड्या मी फक्त ही एक रिंग घालून परत दिल्या आहेत. म्हणून बॅटरीच्या उजेडात खाच बघा, बोट फिरवा, जुन्या किती निघाल्या आणि नव्या किती जाणार ते मोजा.

ओ-रिंग ऑइलला टिकणारीच हवी. आमच्याकडे शेतीपंपाच्या रिंगा घरात पडलेल्या असतात, मापही जुळतं, आणि लोक तीच बसवतात. पाण्यासाठीचं रबर गरम ऑइलमध्ये फुगतं, मऊ होतं आणि महिन्याभरात गळायला लागतं. नवी रिंग बसवताना तिला ऑइलचं बोट लावा, कोरडी बसवली तर पिळवटते.

फिल्टरची दिशा. काही फिल्टर दोन्ही बाजूंनी घातले तरी आत जातात, पण बरोबर एकच बाजू असते. होंडाच्या कागदी फिल्टरवर बाहेरची बाजू कोणती हे इंग्रजीत छापलेलं असतं, इतरांत उघड्या टोकावरून किंवा रबरावरून कळतं. उलटा घातला तर ऑइलची वाट बंद होते किंवा ते न गाळता जातं. वाट बंद झालेलं इंजिन काही मिनिटांत खराब होऊ शकतं. स्प्रिंग असेल तर ती कुठल्या बाजूला होती हे काढतानाच फोटो घेऊन ठेवा. स्प्रिंग हरवली म्हणून तशीच बसवलेली गाडीही माझ्याकडे आली आहे. फिल्टर आत सैल फिरत होता.

बसवताना नवा फिल्टर ऑइलमध्ये भिजवून घ्या म्हणजे पहिला कोरडा वेळ कमी होतो. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवा, मग आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. झाकणाचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे लहान टी-पान्यानं मनगटाच्या जोरावर. कोपरापासून जोर लावला की आटे गेलेच. डब्याच्या फिल्टरला पाना लावायचाच नाही. रबराला ऑइल लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग हातानं पाऊण फेरा.

किक असलेल्या गाडीला किल स्विच बंद ठेवून आठ-दहा किक मारा, मग चालू करा. रेस करू नका. एक मिनिट चालू द्या, बंद करा, पातळी पुन्हा बघा आणि खुणेपर्यंत भरा.

सहावी: वरपर्यंत ऑइल पोचतंय का

सगळं बरोबर बसवूनही खडखड राहिली तर हे बघायचं. काही गाड्यांच्या हेडवर, उदाहरणार्थ यामाहा एफझीच्या, ऑइलच्या वाटेचा एक लहान बोल्ट असतो. तो काढायचा नाही, किंचित सैल करायचा. इंजिन मंद चालू ठेवून बघायचं. तिथून ऑइल पाझरलं तर पंप आणि फिल्टर काम करताहेत. एक मिनिटात काही आलं नाही तर इंजिन लगेच बंद करायचं. डोळ्यांपासून लांब राहा, ऑइल गरम असतं. बोल्ट पुन्हा आवळताना तोच हलका हात. तुमच्या गाडीला हा बोल्ट आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये नक्की करा, अंदाजानं हेडचा कुठलाही बोल्ट सैल करू नका.

सातवी: जुना फिल्टर कापून बघा

जुना कागदी फिल्टर कात्रीनं उभा कापा, कागद सोडवून वर्तमानपत्रावर पसरा आणि उन्हात बघा. राखाडी गाळ, क्लचचा काळा भुसा, अधूनमधून बारीक चमक हे चालतं. गाडी नवी असेल तर पहिल्या फिल्टरमध्ये चमक जास्तच दिसते, ती घाबरण्यासारखी नाही. पण बोटाला टोचतील असे कण किंवा पापुद्रे असतील तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर पोलाद, म्हणजे गिअर किंवा कॅम वगैरे. न चिकटणारं चंदेरी असेल तर बहुधा ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा केसिंगचं.

कधी कधी लाल, काळे किंवा राखाडी रबरासारखे तुकडे मिळतात. तो सिलिकॉनच्या पॅकिंग पेस्टचा जादा माल. कोणीतरी गळती थांबवायला झाकणावर भरपूर पेस्ट थापलेली असते. बाहेर दिसते तेवढीच आतही ढकलली जाते, सुटते आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. ओ-रिंगच्या जागी पेस्ट लावायची नसते. हे पोटतिडकीनं सांगतो, कारण जाळी अशी बंद होऊन जाम झालेलं इंजिन मी उघडलंय. ती गाडी एका पोराची होती. मल्हारपेठेत त्याला लाल दिवा दिसला. "मामा, घर जवळच होतं म्हणून तसाच आलो," म्हणाला. कॅमची जागा हेडमध्येच खरवडून गेली होती.

कागदी फिल्टर धुऊन किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून पुन्हा वापरू नका. हवेच्या दाबानं कागद चिरतो आणि चीर डोळ्यांना दिसत नाही. धुवायची असते ती तारेची जाळी. ती ड्रेनजवळच्या वेगळ्या झाकणामागे असेल तर घरी काढता येते. फिल्टर वेळेआधी भरत असेल तर एअर फिल्टरही बघा. उसाच्या हंगामात आमच्याकडे रस्त्यांवर जी धूळ असते ती एअर फिल्टरच्या फटीतून आत शिरते आणि शेवटी ऑइलमध्येच उतरते.

इथे थांबा

जाळी किंवा सेंट्रिफ्यूगल डबी क्लच कव्हरच्या आत असेल तर ते काम मेस्त्रीकडे द्या. कव्हरचं पॅकिंग नवं लागतं, किकची आणि क्लचची जोडणी हलते, आणि डबीच्या नटाला वेगळा पाना लागतो. घरी अर्धवट उघडून पोत्यात भरून आणलेलं इंजिन दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो.

लाल दिवा विझत नाही, हेडच्या बोल्टला मिनिटभरात ऑइल आलं नाही, फिल्टरमध्ये टोचणारे कण मिळाले, किंवा आवाज हेडमधून न येता खालून ठोके पडल्यासारखा येतोय, तर इंजिन पुन्हा चालूच करू नका. एकदाही नाही. गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायचा असतो म्हणून ते मला दाखवायला चालू करतात, मी चावी काढून घेतो. गाडी टेम्पोत घालून न्या. टेम्पोचं भाडं हेडच्या कामापेक्षा कितीतरी कमी असतं.

आटे गेले असतील तर मोठा बोल्ट ठोकून बसवू नका. चांगला लेथवाला त्यात हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) घालून मूळ मापाचे आटे परत करून देतो. गाडी वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याच्या आधीच सर्व्हिस सेंटरला न्या आणि तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या, तोंडी सांगून सोडू नका.

मेस्त्रीकडे जाताना जुना फिल्टर, नव्या फिल्टरचं वेष्टन, ऑइलच्या डब्याचं नाव आणि बदलल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा बरोबर न्या. आवाज गार असताना येतो की तापल्यावर, किती सेकंद राहतो, हे सांगा. शक्य असेल तर त्रास नव्हता तेव्हाचा आणि आताचा असे दोन आवाज मोबाइलवर असू द्या. आणि काढलेलं ऑइल गटारीत किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. त्याच रिकाम्या डब्यात भरून मेस्त्रीला द्या, गॅरेजमध्ये त्याचं पिंप वेगळं ठेवलेलं असतं.